आल्याचा चहा प्यालेले उंदीर

“उतरला!” मी म्हणाले आणि स्टॉपवॉच टेबलावर आपटलं.

“स्टॉपवॉच सरकारी आहे, चौगुले,” कलघटगी सर शांतपणे म्हणाले.

“आणि उंदीर कुणाचा, सर? तोही सरकारीच ना? मग जागचा हलतोय कशाला? सरकारी म्हणवतो आणि काम केल्यासारखा लगेच निघतो!”

सर हसले नाहीत. ते सहसा हसायचेच नाहीत. त्यांनी पांढऱ्या उंदराला शेपटीच्या बुडाशी अलगद धरून पुन्हा लाकडी दांडीपाशी ठेवलं, त्याचे पुढचे दोन पाय दांडीवर टेकवले आणि म्हणाले, “परत लावा घड्याळ.” उंदरानं आमच्याकडं बघून मिशा हलवल्या, दांडीवरून पाय काढले आणि टेबलाच्या कडेकडेनं फिरायला निघाला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्रात एमडी करत होते. कॉलेजचं नाव राहू दे, पुढं जे सांगणार आहे ते ऐकून तिथली माणसं हसतील का चिडतील याची खात्री नाही. कलघटगी सर माझे मार्गदर्शक होते. उंच, वाळलेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. विद्यार्थ्यांनाही ‘अहो-जाहो’ करायचे, आणि प्राण्यांच्या खोलीत शिरताना देवघरात शिरावं तशा चपला बाहेर काढायला लावायचे.

माझा प्रयोग तसा सोपा होता. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. पेशींवर त्याच्या बसायच्या ठरलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. डोपामिन आपल्या जागेवर जाऊन बसलं की हातपाय सुटे हलतात. हॅलोपेरिडॉल नावाचं औषध टोचलं, की ते त्या जागांवर जाऊन बसतं, आयत्या बिळावर नागोबा. मग उंदीर ताठरतो. मरत नाही, झोपत नाही, पण जसा ठेवाल तसा राहतो. पुढचे पाय दांडीवर ठेवले तर रेशनच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसासारखा बिचारा तिथंच उभा. त्याला खाजकुइलीच्या बियांची पूड आधीच पाजलेली असली, तर तो लवकर उतरायला हवा, कारण त्या बियांत डोपामिनचा कच्चा माल असतो. हे मला सिद्ध करायचं होतं. एका गटाला खाजकुइली, एका गटाला नुसतं पाणी. खाजकुइलीवाले उतरणार, पाणीवाले ताठ राहणार.

आणि माझे पाणीवाले उतरत होते! एक नाही, दोन नाही, अख्खा पिंजरा. नुसत्या पाण्यानं उंदीर बरे होत असतील तर खाजकुइलीचं कौतुक कुणी आणि का करावं?

“तुमच्या हातात दोष असेल,” सर म्हणाले.

“माझ्या हातात काही दोष नाही, सर.”

“मग औषधात असेल.”

“नवी बाटली फोडली.”

“मग चौगुले, निसर्गाचा काही तरी विचार असेल. पण तो विचार जूनच्या आत कळायला हवा.”

जून म्हणजे माझा जीव होता. जूनअखेर सर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध झाला नाही, तर नवा मार्गदर्शक, नवा विषय आणि कमीत कमी सहा महिने आणखी. इतर कुणी असती तर म्हणाली असती, असू दे, सहा महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय! पण माझी चार वर्षांची मुलगी तिकडं गडहिंग्लजला माझ्या थोरल्या जावेजवळ होती.

दर रविवारी मी वसतिगृहासमोरच्या बूथवरून घरी फोन लावायची. आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट, गळीत हंगामात त्यांचा पत्ता घरच्यांनाही लागायचा नाही. फोन नेहमी आक्काच उचलायच्या. आक्का म्हणजे माझ्या जाऊबाई.

“हॅलो आक्का, तेजूला द्या जरा.”

“देते की. आधी तू जेवलीस काय ते सांग.”

“जेवले हो. द्या ना.”

त्या दिवशी तेजूनं फोन घेतला आणि मोठ्या माणसासारखं विचारलं, “कोण बोलतंय?”

“अगं मी. आई.”

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तोंड फोनपासून बाजूला करून ती ओरडली, “आई, कोणतरी आई बोलतीया गं!”

आधी ती आक्कांना ‘मोठी आई’ म्हणायची. त्यातलं ‘मोठी’ कधी गळून पडलं ते मला कळलंच नव्हतं.

आक्कांनी घाईनं फोन हातात घेतला. “पोर हाय, हेमा. तिला कळतंय व्हय काय? रडू नगंस.”

“मी कुठं रडतेय?” मी म्हणाले आणि फोन ठेवला. बूथवाल्यानं माझ्याकडं न बघता पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, तेव्हा कळलं की माझं तोंड काय झालंय.

खरं सांगायचं तर आक्कांचा मला फार राग यायचा. सासूबाई नव्हत्या, घर आक्कांच्या हातात. त्या स्वयंपाकघरात असल्या की माझा हात आखडायचा. एरवी बरी होणारी भाकरी त्यांच्यासमोर थापताना हमखास फाटायची. त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या आणि फाटलेली भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायच्या. त्यानं तर आणखीच संताप यायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी एमडीला जायचं काढलं तेव्हा घरातले पुरुष मान खाली घालून बसले होते. आक्काच म्हणाल्या, “जाऊ द्या तिला. पोरीला मी बघते.” तेव्हा वाटलं, देव पावला. आता मात्र वाटायला लागलं, हिनं डाव साधला. आणखी सहा महिने गेले असते तर माझी पोर कायमची त्यांची झाली असती. मी महिन्याकाठी खाऊ घेऊन येणारी कुणी पाहुणी.

दुसऱ्या दिवशी मी तिडिकेनंच प्राण्यांच्या खोलीत गेले. खालच्या फळीवरच्या पिंजऱ्यातून पाणीवाल्या गटाचा एक उंदीर काढला आणि इंजेक्शनसाठी तोंडाजवळ उचलून धरला. आणि मला वास आला.

आल्याचा.

मला आलं अजिबात सोसायचं नाही, त्यामुळं त्याचा वास मला मैलभरावरूनही यायचा. मी उंदराच्या तोंडाशी नाक नेलं. आलं, वेलदोडा, आणि दुधाचा थोडा आंबूस वास. पिंजऱ्यातल्या भुशात बोट घालून बघितलं तर चहाच्या रंगाचे, लिबलिबीत झालेले टोस्टचे तुकडे. वरच्या फळीवर खाजकुइलीवाल्यांचा पिंजरा होता. तो स्वच्छ.

तसाच उंदीर हातात घेऊन मी सरांच्या खोलीत घुसले. चपला घालायचंही भान राहिलं नाही.

“सर, कुणीतरी माझ्या उंदरांना चहा पाजतंय!”

सरांनी पेन खाली ठेवलं.

“आल्याचा चहा! आणि टोस्ट! रोज पाजत असणार. म्हणून पाणीवाले असे थयथय नाचतायत. चार महिने, सर! चार महिने मी दांडीसमोर बसून डोळे फोडून घेतले, आणि इकडं कोण मुडदा यांची खातिरदारी करतोय! सापडू दे मला तो. त्याच्या थर्मासात पाल पडो. त्याचे दात टोस्ट चावताना पडोत. मेल्याच्या हाताला लकवा...”

“चौगुले,” सर म्हणाले.

“नाही सर, आज मला बोलू द्या. ज्या मेल्याच्या हातानं...”

सरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. तळवे वर. “त्या मेल्याचे हात हे आहेत.”

मी आ वासून बघत राहिले. उंदरानंसुद्धा माझ्या हातातली वळवळ थांबवली.

“पहाटे साडेपाचला मी येतो,” सर म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता. “खोलीत एक स्टूल आहे. तिथं बसतो. खालचा पिंजरा हाताला येतो. टोस्ट बुडवून त्यांना देतो. चांगले खातात.”

“पण सर, तुम्ही? तुम्ही आम्हाला चपला काढायला लावता!”

“मीही काढतो.”

मी खुर्चीत बसले. आणि मग, लाज वाटते सांगायला, भोकाड पसरलं. तेजूचं, फोनचं, आक्कांचं, जे काही मनात होतं ते सगळं त्या शर्टाचं वरचं बटण लावणाऱ्या माणसासमोर बाहेर पडलं. सरांनी उठून माझ्या हातातला उंदीर काढून घेतला आणि आपल्या खिशातला रुमाल मला दिला.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मी विद्यापीठाला तसं कळवतो. तुम्हाला मुदतवाढ मिळेल.”

“मला मुदतवाढ नको, सर! मुदतच नकोय मला. मला घरी जायचंय.”

मी नाक पुसत बसले. उंदीर त्यांच्या मनगटावरून शर्टाच्या बाहीत शिरायला बघत होता. त्याच्याकडं बघता बघता मला अचानक वाटलं, अरे, पण याला काही तरी विचारायचं राहिलंय.

“सर, चहा पिऊन हे उतरले कसे?”

“म्हणजे?”

“हॅलोपेरिडॉल तर डोपामिनच्या जागा अडवून बसलेलं. चहात काही डोपामिन नसतं. मग चहानं यांचे पाय सुटले कसे?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग उंदराकडं. मग त्यांनी उंदीर माझ्या हातात परत दिला, कपाट उघडलं आणि छापील कागदांचे गठ्ठे भराभर जमिनीवर टाकायला लागले. त्या वयाचा माणूस गुडघ्यांवर बसून असा कागद उपसताना मी पहिल्यांदाच बघत होते. शेवटी एक चुरगळलेला लेख बाहेर आला.

“अ‍ॅडिनोसिन!” सर म्हणाले. “अहो चौगुले, अ‍ॅडिनोसिन!”

“त्याचं काय?”

“माणूस दमत जातो तसं ते मेंदूत साठतं. ‘बस कर आता’ म्हणतं. त्याच्या बसायच्या जागा वेगळ्या. पण मेंदूच्या एका भागात त्या डोपामिनच्या जागांना अगदी खेटून आहेत, एकाच पेशीवर. आणि त्या एकमेकींवर परिणाम करतात. अ‍ॅडिनोसिन आपल्या जागेवर बसलं की शेजारच्या जागेची डोपामिनवरची पकड सैल होते.” ते थांबले. “तुमच्या घरी जावा आहेत का?”

“आहेत एक. आत्ताच तर सांगितलं तुम्हाला. थोरल्या.”

“झालं तर मग. एक चूल, दोन जावा. थोरली स्वयंपाकघरात असली की धाकटीचा हात आखडतो. थोरली माहेरी गेली की धाकटीचा हात मोकळा सुटतो. धाकटीला कुणी काही दिलेलं नसतं, ती तीच असते, तिची शक्ती तेवढीच असते. शेजार बदलला की तिचं वागणं बदलतं. चहातलं कॅफिन अ‍ॅडिनोसिनच्या जागेवर जाऊन नुसतं बसतं. काम काही करत नाही, पण थोरलीला बसू देत नाही. मग जे काही थोडंफार डोपामिन पोचत असेल, तेवढ्यावर उंदीर उतरतो.”

“अगदी माझ्या घरात येऊन बघून गेल्यासारखं बोललात, सर,” मी म्हणाले. मला तो दाखला फारच आवडला. इतका की पुढं सर जे म्हणाले ते मी कानाआड केलं.

“पण थोरली वाईट असते असं म्हणायचं नाहीये मला,” ते म्हणाले होते.

मग आम्ही कामाला लागलो. आधीचे सगळे निष्कर्ष रद्द. नवे उंदीर आणले, नवे गट पाडले. विषय खाजकुइलीचाच राहिला, पण त्याला एक नवं प्रकरण जोडलं. चहा बंद, त्याऐवजी वजन केलेलं शुद्ध कॅफिन. कामाचा धडाका असा की जेवायची शुद्ध नसायची. आणि त्यात एक नवीनच अडचण उभी राहिली: सरांच्या चहाचं काय करायचं?

“तुम्ही आता पहाटे त्या खोलीत जायचं नाही,” मी त्यांना बजावलं.

“नाही जाणार.”

“चहा घरी प्यायचा.”

“हो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर प्राण्यांच्या खोलीबाहेरच्या पायरीवर सर बसलेले, शेजारी थर्मास. आत गेले नव्हते, दिलेला शब्द पाळला होता. पण शाळेतून काढून टाकलेल्या पोरासारखे दाराकडं बघत होते. मला बघून ते उठले आणि उगाच थर्मासचं झाकण फिरवायला लागले. शेजारी दोन कप होते. दोन्ही भरलेले.

“दुसरा कुणाचा, सर?”

“कुणाचाच नाही,” ते म्हणाले. मग झाकण घट्ट लावून म्हणाले, “आमची ही होती तेव्हा पहाटे दोन कप ओतायचो. गेल्या दिवाळीत ती गेली. तेव्हापासून हाताला सांगतोय, एकच ओत. हात ऐकत नाही. ओतलेला टाकवत नाही, म्हणून ते उंदरांना...”

मी पायरीवर बसले, दुसरा कप उचलला आणि तो आल्याचा जहरी चहा डोळे मिटून प्याले. पोटात आग पडली. दुसऱ्या दिवशीही प्याले. नंतर नंतर मी स्वतःच टोस्ट घेऊन जायला लागले. उंदरांचा वाटा मी खाल्ला म्हणा ना. पुढं पुढं तर असं झालं, की आल्याशिवायचा चहा मला मचूळ लागायला लागला.

निकाल मात्र असे आले की सर एकदा चक्क हसले. खाजकुइलीचा इतका कमी डोस, की एकट्यानं काहीच होत नाही. कॅफिनचाही तसाच. दोन्ही एकत्र दिले की ताठरलेला उंदीर दांडीवरून पाय काढून टेबलावर चालायला लागायचा. आणि कॅफिन वाढवत नेलं, तर उंदीर उतरायचे खरे, पण सैरावैरा, थरथरत, एकमेकांच्या अंगावर जायचे. “हे पण लिहा,” सर म्हणाले. “आणि उंदरांवरून माणसांना चहाचे डोस सांगत सुटू नका.”

प्रबंध लिहिताना मी पहिल्या उंदरांविषयी ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘मार्गदर्शकाने प्राण्यांना आल्याचा चहा व टोस्ट खाऊ घातल्यामुळे’.

“सर, असं कुणी लिहितं का? लोक हसतील.”

“हसू देत. झालंय ते झालंय.”

तोंडी परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले होते. पन्नाशीचे, गोरेपान, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. “हे मार्गदर्शक कोण?”

“मी,” सर उभे राहून म्हणाले. परीक्षक इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. माझी भीड तिथंच चेपली.

“बरं डॉक्टर, हे दोन रिसेप्टर एकमेकांवर परिणाम करतात म्हणजे काय, ते मला माझ्या आईला कळेल अशा भाषेत सांगा.”

मी कशाला सोडते! एक चूल, दोन जावा. थोरली स्वयंपाकघरात असली की धाकटीचा हात आखडतो. मी तर आणखी तिखटमीठ लावलं, मागून बघणारे डोळे, फाटणारी भाकरी, सगळं. “थोरली माहेरी गेली की धाकटीचा हात मोकळा सुटतो,” मी म्हणाले. परीक्षक खूश झाले.

“छान. मग असं करू, थोरलीला कायमचीच माहेरी पाठवू. कटकट नको. काय?”

पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. कॅफिन वाढवल्यावर सैरावैरा पळणारे उंदीर, नियंत्रण, समतोल, सगळं पाठ होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“नको सर. मग धाकटीचं पोर कोण सांभाळणार? ती एमडी कशी होणार?”

मला स्वतःलाच धक्का बसला होता. हे मी कधी ठरवलं होतं? कुठं लिहिलं होतं? पण बोलले ते खरं होतं, शब्दन् शब्द खरा होता. मी पुढं घाईघाईनं त्या सैरावैरा उंदरांचं सांगितलं. परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, “पास झालात. बसा. पाणी घ्या.”

बाहेर आले तर दाराशेजारच्या बाकावर आक्का. नऊवारीचा पदर खांद्यावरून घेतलेला, मांडीवर तेजू, पायाशी भाकरी-पिठल्याचं गाठोडं. सकाळच्या पहिल्या यष्टीनं न कळवता निघून आल्या होत्या.

“आक्का! कधी आलात?”

“झाला की थोडा वेळ,” त्या म्हणाल्या. “पास झालीस न्हवं?”

“झाले.”

“मग झालं तर.” त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्यावर काही वाचता येईल तर शपथ.

तेवढ्यात सर थर्मास घेऊन आले. त्यांच्याजवळ नेहमीप्रमाणे दोनच कप होते, पण दुसऱ्या कपाखाली त्या दिवशी कुठून तरी बशी आली होती. दुसरा कप त्यांनी आक्कांपुढं धरला. आक्कांनी तो घेतला, अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्या हातात दिली. “पी. बोलून बोलून घसा सुकला असंल.”

तेजू टोस्ट खात माझ्याकडं टकामका बघत होती. “आई, आपण घरला कवा जायचं?” तिनं विचारलं.

“आत्ता,” मी म्हणाले.

“आत्ता,” आक्काही म्हणाल्या. अगदी एकदम. तेजूला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं टोस्टचा ओला हात आधी आक्कांच्या पदराला पुसला, मग माझ्या. परतीच्या गाडीत तिचं डोकं आक्कांच्या मांडीवर होतं आणि पाय माझ्या. मला तेवढंही पुष्कळ वाटलं. घरी गेल्यावर बरेच दिवस ती आक्कांजवळच झोपायची. एके दिवशी दुपारी आपणहून उशी ओढत माझ्याजवळ आली, आणि आक्काच मागून तिची गोधडी घेऊन आल्या.

याला आता सत्तावीस वर्षं झाली. कलघटगी सर जाऊनही बरीच वर्षं झाली. मी स्वतः येत्या वर्षी निवृत्त होईन. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे रिसेप्टरचं शिकवते तेव्हा जावांचाच दाखला देते. पोरं-पोरी हसतात, आजकाल जावा एका घरात असतात कुठं!

गेल्या महिन्यात तेजूला मुलगी झाली, पुण्यात. आम्ही दोघी गेलो होतो. बारसं झालं, माझी रजा संपली. तेजू म्हणाली, “आई, तू जा कॉलेजला. मोठी आई राहील की.” टोचलं, नाही कसं म्हणू? पण फार नाही. बाळाला न्हाऊमाखू घालण्यात आक्कांचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही, हे मलाही कळतं.

घरी आले. स्वयंपाकघर पहिल्यांदाच असं पूर्णपणे माझं. मागून बघणारं कुणी नाही. म्हटलं, आता बघा माझा हात. आणि काय सांगू, आमटी खारट, भाकऱ्या फाटक्या. पहाटे उठून चहा टाकते, पुरुष मंडळी उठायच्या आत आम्ही दोघींनी मागच्या पायरीवर बसून प्यायचा ही इतक्या वर्षांची रीत. चहा ओतते आणि बघते तर दोन कप. कालही. आजही.

आज फोन केला. “आक्का, कधी येताय?”

“का गं?” त्या म्हणाल्या. “थोरली गेलीया न्हवं? आता धाकटीचा हात मोकळा सुटला असंल की.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आक्का, तुम्ही त्या दिवशी ऐकलं होतं?”

“दार कुठं लागत हुतं त्या खोलीचं.”

“इतकी वर्षं एक शब्द बोलला नाहीत?”

“फुडचं बी ऐकलं हुतं,” आक्का म्हणाल्या. “मग बोलायचं काय राहिलं?”

माझे डोळे भरून आले. ते पुसून म्हणाले, “आक्का, पहाटे हातानं दोन कप ओतले जातात. दुसरा गार होऊन जातो.”

“मग उंदरास्नी पाज की,” त्या म्हणाल्या आणि खो-खो हसत सुटल्या. मागं बाळ रडायला लागलं, तेजू कुणावर तरी ओरडली. आक्का त्या गोंधळातच म्हणाल्या, “शुक्रवारच्या गाडीनं येते. आलं आणून ठेव.”